खाद्यातली रिकामी जागा

हे मनन डोळे उघडे ठेवून करायचं आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यातून चिमूटभर ओवा घ्या, तळहातावर पसरा आणि लगेच तोंडात टाकू नका. एक दाणा उजेडाकडे धरा. त्याच्या अंगावर उभ्या कडा दिसतील आणि कडांच्या मधे खोबणी. त्या खोबणींखाली, सालीच्या आत, तेलाच्या अतिशय बारीक नळ्या असतात. अख्ख्या दाण्याचा वास बेताचाच येतो. आता दोन्ही तळव्यांत ओवा चोळा. नळ्या फुटतात, तेल मोकळं होतं आणि ओळखीचा वास सुटतो.

या वासाचा मुख्य धनी म्हणजे थायमॉल नावाचं द्रव्य. शंभर किलो ओव्यातून वाफेने साधारण दोन ते चार किलो तेल निघतं आणि त्या तेलात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याहून अधिकपर्यंत थायमॉल असतं. ते वेगळं काढून थंड केलं की त्याचे खडे होतात. काष्ठौषधींच्या दुकानात तेच ओव्याचं फूल म्हणून मिळतं. कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर ते बाटलीत ठेवलं की तिन्ही आपोआप पातळ होतात आणि अमृतधारा तयार होते. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा बोटींनी जर्मनीला जाई आणि तिथल्या कारखान्यांत त्यातून थायमॉल काढलं जाई. कुंडीतल्या पानओव्यात थायमॉलचं सख्खं भावंड असतं, कार्व्हाक्रॉल. पिझ्झ्यावर भुरभुरायच्या ओरेगॅनोतही तेच. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड. पशुखाद्यात प्रतिजैविकांच्या जागी आज जी सुगंधी तेलं सुचवली जातात, त्यांत हीच चार नावं पुन्हा पुन्हा येतात. ज्या गोष्टीचा विचार करायला आपण बसलो आहोत, ती आपल्या मसाल्याच्या डब्यापासून फार लांबची नाही.

आता दोन दाणे चावा. जीभ चुरचुरेल, मग थोडी बधिर होईल. ती चुरचुर ओसरेपर्यंत पुढचं वाचू नका.

झाडाने ती माणसासाठी बनवलेली नाही. ओव्याच्या रोपाला पळता येत नाही. कीड आली, बुरशी चढली, जिवाणू शिरले तरी जागेवर उभं राहूनच त्याला तोंड द्यायचं असतं. बी म्हणजे त्याचा पुढचा हंगाम, म्हणून तेल बियाच्या सालीतच साठवलेलं. आपण ज्याला ओव्याचा गुण म्हणतो, तो रोपाच्या बाजूने बचाव आहे आणि बुरशीच्या बाजूने विष. तिन्ही एकाच वेळी खरं आहे. पुढे वाचताना ‘वनस्पतीपासूनचं’ म्हणजे निर्धोक, असं मनात आलं तर या तीन बाजू आठवून पाहा.

पिल्लू

मन आता एका शेडमध्ये न्या. पुणे, नाशिक, सांगली, अमरावती, कुठल्याही जिल्ह्यातलं ब्रॉयलरचं शेड चालेल. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषधं देते; शेतकरी शेड, पाणी, वीज आणि आपली मेहनत देतो. जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं, वरून दिव्यांची ऊब. एक दिवसाचं पिल्लू हातात घेतल्याचं मनात आणा. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोंचं व्हायचं आहे, म्हणजे पन्नास पट. त्यासाठी ते साडेतीन किलोंच्या आतबाहेर खाद्य खाईल. धंद्यातला सुमारे दोन तृतीयांश खर्च खाद्यावरच होतो. म्हणून शेडमधल्या बोलण्यात एफसीआर सारखा येतो: एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं. त्या आकड्यातला दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक हलला तरी बॅचचा हिशेब हलतो.

पिल्लू अजून हातातच ठेवा. त्याच्या आतड्यात अद्याप फारसं कुणी राहायला आलेलं नाही. अंगणात खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या मागे फिरतं, तिने उकरलेलं टिपतं, तिच्या विष्ठेतही चोच घालतं, आणि तिच्या पोटातले जिवाणू त्याच्याकडे येतात. हॅचरीच्या यंत्रात निघालेलं पिल्लू आईला कधीच भेटत नाही. त्याच्या आतड्यातली जागा मग जो आधी येईल त्याची. १९७३ साली फिनलंडमधल्या नुर्मी आणि रांतला या संशोधकांनी दाखवून दिलं की निरोगी, वयात आलेल्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज कोवळ्या पिल्लांना दिला, तर साल्मोनेला जिवाणूंना त्यांच्या पोटात सहजी ठाण मांडता येत नाही. चांगल्या जिवाणूंनी जागा आधीच धरलेली असते.

पिल्लाच्या आयुष्यातल्या पहिल्या दिवशी एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे आईची संगत. पुढे बारा-पंधरा पिल्लांऐवजी हजारो पिल्लं एका छपराखाली येतात. तूस ओलं होतं, अमोनिया डोळ्यांना झोंबू लागतो. एखाद्या पिल्लाला रक्ती हगवण लागली तर चार दिवसांत ती शेडभर होते. हे सगळं हळूहळू नजरेसमोर येऊ द्या. इथे कुणाला दोष द्यायचा नाही. शेतकरी कर्जाचे हप्ते फेडतो आहे, कंपनी भाव धरून ठेवते आहे आणि आपल्याला रविवारी चिकन परवडायला हवं आहे.

उरलेला चोथा

आता काळात मागे चला. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ली प्रयोगशाळा होती. तिच्या संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर यांनी मिसुरीतल्या एका शेतातल्या मातीतून मिळालेल्या सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळवलं. १९४८ साली ते जगासमोर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले.

त्याच संस्थेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांच्या आहाराचा अभ्यास करत होते. धान्य आणि सोयाबीनच्या खाद्यात जे कमी पडतं ते बी-१२ जीवनसत्त्व स्वस्तात कुठून मिळेल, हा त्यांचा प्रश्न. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर टाक्यांत जो चोथा उरे तो त्यांनी पिल्लांना घालून पाहिला. बी-१२मुळे वाढायला हवी होती त्याहूनही पिल्लं जास्त वाढली. चोथ्यात राहिलेलं किंचित प्रतिजैविक हे घडवत होतं. १९५० मध्ये गोष्ट जाहीर झाली, आणि १९५१ पासून अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक खाद्यात मिसळायला परवानगी मिळाली. टनाला काही ग्रॅम पुरत. सगळ्या जगाने ते उचललं.

आता वेग कमी करा आणि एका साध्या गोष्टीकडे पाहा: ती पिल्लं आजारी नव्हती. मग औषधाने काय केलं? पुढे जंतुमुक्त जागेत वाढवलेल्या पिल्लांना प्रतिजैविक देऊन पाहिलं, तेव्हा त्यांची वाढ काही जास्त झाली नाही. नव्या, स्वच्छ शेडमध्ये फायदा थोडा दिसे; जुन्या, वापरून वापरून मुरलेल्या शेडमध्ये जास्त. औषध पिल्लाला वजन देत नव्हतं. आतड्यातल्या रोजच्या कटकटीवर आणि बारीक सुजेवर शरीराची जी शक्ती खर्च होत होती, तिच्यातली थोडी ते वाचवत होतं.

मग खाद्यातलं प्रतिजैविक नेमकं कशाच्या जागी बसलं होतं? उत्तर लगेच देऊ नका. ओलं तूस, दाटी, दोन बॅचमध्ये न मिळालेली विश्रांती, न भेटलेली आई, यांतली एकेक गोष्ट त्या जागेवर ठेवून पाहा.

बिनफीची शिकवणी

१९४५ साली नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता की कमी मात्रेत दिलेलं पेनिसिलिन जिवाणूंना मारणार नाही, उलट त्यांना निर्ढावेल. वाढीसाठी खाद्यात घातलेली मात्रा नेमकी तशीच असते: रोगाला अपुरी आणि रोजची. हजारो पिल्लांच्या पोटांत महिनाभर जिवाणूंची ही बिनफीची शिकवणी चालते. जे तग धरतात ते वाढतात आणि तग धरण्याची जनुकं शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात.

युरोपात अॅव्होपार्सिन नावाचं प्रतिजैविक केवळ वाढीसाठी कोंबड्यांना आणि डुकरांना दिलं जाई. माणसांच्या इस्पितळात ते कुणी वापरत नव्हतं, म्हणून ते निर्धास्त वाटे. पण त्याची रचना व्हँकोमायसिनच्या जवळची, आणि व्हँकोमायसिन हे माणसांसाठी राखून ठेवलेलं महत्त्वाचं औषध. कोंबड्यांच्या आतड्यात अॅव्होपार्सिनला सरावलेले जिवाणू व्हँकोमायसिनलाही दाद देईनासे झाले. डेन्मार्कने १९९५ मध्ये अॅव्होपार्सिन थांबवलं. त्या वर्षी तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांतून मिळवलेल्या एका जातीच्या एन्टरोकॉकस जिवाणूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक व्हँकोमायसिनला दाद देत नव्हते. २००० सालापर्यंत ते प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. डुकरांत मात्र तो टणकपणा रेंगाळला. तिथे टायलोसिन हे दुसरंच औषध चालू होतं आणि दोन्ही औषधांना तोंड देणारी जनुकं एकमेकांना बांधलेली होती. टायलोसिन थांबल्यावर तिथेही उतार पडला. एक औषध काढलं म्हणून त्याचा हिशेब मिटला असं होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण कोलिस्टिनचं. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला टाकलं होतं. इतर औषधं निकामी होऊ लागली तसं ते अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून परत आलं. त्याच काळात ते कोंबड्यांच्या खाद्यातही चालू होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक दाखवलं, जे कोलिस्टिनला तोंड देण्याची ताकद एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज नेतं. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यशेतीत आणि खाद्यपूरकांत कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याच २०१९ सालात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले किती खाद्यातल्या औषधांमुळे आणि किती माणसांनीच अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे, हे वेगळं काढता येत नाही. घरातल्या कपाटात उरलेली अर्धी पट्टी असेल तर तिचीही इथे आठवण ठेवा.

उत्तरेकडचे दोन देश

आता दोन देशांनी जागा रिकामी केल्यावर काय झालं ते पाहू.

स्वीडनमध्ये १ जानेवारी १९८६ पासून वाढीसाठी प्रतिजैविकं बंद झाली. मागणी शेतकऱ्यांच्या संघटनेनेच केली होती. आपल्या मालावरचा गिऱ्हाइकाचा विश्वास जाईल, ही त्यांची काळजी. सुरुवातीची वर्षं सोपी गेली नाहीत. आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना हगवण लागू लागली आणि उपचारासाठी औषधं द्यावी लागली. मग त्यांनी जनावरं ठेवण्याची पद्धत बदलली. पिल्लं आईपाशी जास्त दिवस ठेवली, खाली पेंढा अंथरला, खाद्यातली प्रथिनं बेताची केली, आणि एका वयाची सगळी जनावरं एकदम आत, एकदम बाहेर, मधे जागा धुऊन वाळवायची, अशी शिस्त लावली.

डेन्मार्कने १९९८ आणि १९९९ मध्ये हीच वाट धरली. कोंबड्यांत फारसा फरक पडला नाही. मर वाढली नाही, खाद्य किंचित जास्त लागलं. डुकराच्या कोवळ्या पिल्लांत मात्र हगवण वाढली आणि उपचाराची औषधं काही काळ जास्त लागली. तरी १९९२ ते २००८ या काळात डुकराच्या मांसाच्या दर किलोमागे वापरलेलं प्रतिजैविक निम्म्याहून खाली आलं आणि डुकरांचं उत्पादन वाढतच गेलं. १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली. अमेरिकेने २०१७ मध्ये माणसांच्या उपयोगाच्या औषधांपुरतं आणि चीनने २०२० मध्ये तसंच पाऊल टाकलं.

हे देश श्रीमंत आहेत, थंड आहेत. त्यांची गोठ्याची जमीन आणि आपलं चाळीस अंशांतलं पत्र्याचं शेड एक नाही. त्यांची नक्कल करता येणार नाही. क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. स्वीडनने रिकाम्या जागी आधी पेंढा ठेवला, दिवस ठेवले, स्वच्छता ठेवली. खाद्यात घालायच्या पुड्यांचं पान त्यानंतर आलं.

तेलाचा प्रवास

आता ओव्याच्या तेलाच्या एका थेंबाबरोबर चालायचं आहे. घाई करू नका, कारण थेंबालाही बरेच मुक्काम आहेत.

पहिला मुक्काम प्रयोगशाळेतली काचेची बशी. बशीत इ. कोलाय किंवा साल्मोनेला वाढत आहेत आणि त्यात थायमॉल टाकलं. जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. थायमॉल पाण्यापेक्षा स्निग्धात चांगलं विरघळतं, म्हणून ते त्या पडद्यात घुसतं आणि त्याची वीण सैल करतं. आतलं पोटॅशियम बाहेर गळतं, पेशीच्या ऊर्जेचा साठा रिता होतो आणि जिवाणू मरतो. कार्व्हाक्रॉलचीही हीच रीत. बशीत हे अगदी स्पष्ट दिसतं, आणि उत्साह इथेच जन्मतो.

दुसरा मुक्काम खाद्याची गिरणी. पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या, बनवताना खाद्याला वाफ देतात. तापमान सत्तर-ऐंशी अंशांच्या वर जातं. तेल उडणारं असतं. ज्या गुणामुळे आपल्याला वास आला, त्याच गुणामुळे ते गिरणीत हवेत जातं. पुढे पोत्यात, उन्हाळ्यातल्या गोदामात, आणखी थोडं जातं.

तिसरा मुक्काम पोट. उरलेलं तेल जनावराने खाल्लं. डुकराच्या पिल्लांत मोजून पाहिलं तेव्हा थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल आणि सिनामाल्डिहाइड ही चारही द्रव्यं जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच जवळजवळ पूर्ण शोषली गेली. उपद्रवी जिवाणूंचा मोठा वावर त्याच्या पुढे, आतड्याच्या खालच्या भागात. तिथवर तेल पोचलंच नाही. शिवाय खाद्यातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं तेलाला धरून ठेवतात, त्यामुळे बशीत जेवढी मात्रा पुरते तेवढी पोटात पुरत नाही. यावर उपाय म्हणून तेलाचे सूक्ष्म थेंब स्निग्ध पदार्थाच्या आवरणात बंद करतात, म्हणजे आवरण पुढे जाऊन उलगडेल. चांगल्या उत्पादनांत हे केलेलं असतं. साध्या तेल मिसळलेल्या पुडीत नसतं.

चौथा मुक्काम गाय. कोंबडीच्या पोटातले जिवाणू आपण आवरू पाहतो. गाय मात्र कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावरच जगते. कडबा पचवतात ते तेच. तेलाला मित्र आणि शत्रू यांची निवड नीट करता येत नाही. आपल्याकडे पोटफुगी झालेल्या जनावराला गोडेतेलात थोडं टर्पेंटाइन पाजायची रीत जुनी आहे, आणि टर्पेंटाइन हेही चिडाच्या झाडाचं उडणारं तेलच. ते अडचणीच्या वेळी, एकदा. रोजच्या आंबोणात सुगंधी तेल घालणं ही निराळी गोष्ट. तिथे मात्रा थोडी चढली तर चारा पचवणारे सूक्ष्मजीव मंदावतात आणि थोडी उतरली तर काही आठवड्यांत कोटीपोट त्या तेलाला सरावतं.

मात्रा

एक हिशेब शांतपणे करू. टनभर खाद्यात शंभर ग्रॅम तेल घातलं. टनभर खाद्यावर सुमारे तीनशे ब्रॉयलर विक्रीच्या वजनाला येतात. म्हणजे एका कोंबडीच्या वाट्याला सगळ्या आयुष्यात एक तृतीयांश ग्रॅम तेल. ते चाळीस दिवसांवर पसरा. एवढ्याशा तेलाने पोटातले रोगजंतू मरतील, ही अपेक्षा फार झाली. मात्रा वाढवली तर खर्च वाढतो आणि वासामुळे जनावर खाद्य टाळतं. डुकरं तर नक्कीच.

तरीही तेलांचा उपयोग दिसतो, सगळीकडे सारखा नसला तरी. काही चाचण्यांत एफसीआर सुधारला, आतड्याची सूज कमी झाली, क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंमुळे होणाऱ्या आतड्याच्या रोगाचा जोर उतरला. काही चाचण्यांत काहीच फरक दिसला नाही. तेल थोडे पाचकरस वाढवतं, शरीरातली जळजळ कमी करतं, काही जिवाणूंच्या आपसातल्या संकेतांत अडथळा आणतं; हे सगळं मिळून थोडा फायदा होतो. आणि इथे एक जुनी ओळख पुन्हा भेटते: स्वच्छ, मोकळ्या चाचणीशेडमध्ये तेलाचाही फायदा लहान होतो, जसा प्रतिजैविकाचा होत असे.

मात्रेची दुसरी बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात आकड्यासारख्या जंतांवर माणसांना थायमॉल मोठ्या मात्रेत दिलं जाई. जंत पडत. पण त्या वेळी दारू किंवा तेलकट खाणं पोटात असेल तर थायमॉल रक्तात जास्त उतरून जिवावर बेतू शकत असे, म्हणून रोग्याला सक्त ताकीद द्यावी लागे. चिमूटभर ओवा आणि चमचाभर थायमॉल यांत एवढं अंतर आहे.

तेलाची प्रतही एकसारखी नसते. जमीन, पाऊस, काढणीची वेळ बदलली की तेलातली प्रमाणं बदलतात. दक्षिण फ्रान्समध्ये थाइम या सुगंधी झुडपाची एकच जात एका टेकडीवर थायमॉल देते आणि दुसऱ्या टेकडीवर भलतंच द्रव्य. म्हणून पुडीवर ‘शुद्ध वनस्पती अर्क’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. युरोपात यांतली बरीचशी तेलं खाद्यात चालतात ती सुगंधी द्रव्य म्हणून नोंदवलेली. रोग रोखण्याचा दावा त्या नोंदीत नसतो.

शेवटी जिवाणूंचाही विचार करा. काही जातींकडे नको असलेलं द्रव्य पेशीबाहेर उपसून टाकण्याची सोय असते. स्यूडोमोनास तर अशा तेलांना पुष्कळदा भीक घालत नाही. तेल पडद्यावर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून त्याला सरावणं जिवाणूंना कठीण. अशक्य मात्र नाही. रोज, थोडं, सगळ्यांना, न विचारता, ही जी पद्धत आपण प्रतिजैविकांबाबत चुकीची ठरवली, तीच तेलांना लावली तर काय होईल? या प्रश्नाजवळ थोडा वेळ बसा.

जागा कशाने भरायची

माझ्या मनाचा कौल असा आहे. सुगंधी तेलं खोटी नाहीत. ओवा, ओरेगॅनो, लवंग, दालचिनी यांच्या द्रव्यांना खाद्यात जागा आहे, पण ती कामाच्या सोबतीची. प्रतिजैविकाने जी जागा रिकामी केली तिचा मोठा भाग कोरड्या तुसाने, स्वच्छ पाण्याने, पुरेशा हवेने, लसीकरणाने, दोन बॅचमधल्या विश्रांतीने आणि पिल्लाला वेळेवर मिळालेल्या चांगल्या जिवाणूंनी भरायचा आहे. उरलेल्या भागात तेल आपला वाटा उचलेल. हा क्रम उलटा केला तर आपण फक्त पुडी बदलली, सवय तीच ठेवली.

तुम्ही कोंबड्या किंवा जनावरं पाळत असाल तर तेलाची पुडी घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: यात कुठलं द्रव्य किती टक्के आहे, ते आवरणात आहे का, आणि पेलेटच्या उष्णतेनंतर किती उरतं. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर पैसे तुसावर आणि पाण्याच्या टाकीवर घाला. उत्तर मिळालं तर अर्ध्या शेडला द्या, अर्ध्या शेडला देऊ नका आणि दोन्हीकडचं वजन आपल्याच काट्यावर करा. जनावर खरोखर आजारी पडलं तर तेलावर विसंबून राहू नका. पशुवैद्याला बोलवा, त्याने सांगितलेलं प्रतिजैविक पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस द्या, आणि त्यानंतर सांगितलेले दिवस उलटेपर्यंत दूध, अंडी, मांस विकू नका. आजारी जिवाला औषध नाकारणं हा या सगळ्या विचाराचा हेतू कधीच नव्हता.

आणि तुम्ही फक्त खाणारे असाल तर तुमचाही वाटा आहे. मोकळं शेड, कोरडं तूस आणि जास्तीचे चार दिवस यांचा खर्च कुणीतरी उचलायचा असतो. किलोमागे थोडे रुपये जास्त द्यायला आपण तयार नसू, तर शेतकऱ्याने खाद्यात काय घालावं हे सांगण्याचा अधिकारही आपल्याला थोडाच उरतो. पुढच्या वेळी चिकन किंवा अंडी घेताना दुकानदाराला विचारा की ही कोंबडी कशी वाढली. त्याला माहीत नसेल तरी विचारा. गिऱ्हाईक विचारतं म्हटल्यावर दुकानदार पुरवठादाराला विचारतो, आणि स्वीडनमध्ये बदलाची सुरुवात गिऱ्हाइकाच्या विश्वासाच्या काळजीतूनच झाली होती.